नंदी सरकला, वारस नाही सरकले

कुंभकोणमपासून आठेक किलोमीटरवरच्या पट्टीश्वरम्‌ला गेलात तर तेनुपुरीश्वराच्या देवळात नंदी नीट बघा. तो गाभाऱ्याच्या समोर नाही, जरा बाजूला आहे. कथा अशी की बालसंत संबंदर भर उन्हातून दर्शनाला येत होते. शंकराने त्यांच्यावर मोत्यांचा मांडव धरायला लावला आणि पोर लांबूनच दिसावं म्हणून नंदीला फर्मावलं, "हो बाजूला!" नंदी मुकाट्याने सरकला. देवळाला लागूनच पळैयारै, म्हणजे चोळांचं राहतं गाव. तिथे आणि नंतरही या मुलखात गादीच्या मधे कोण कोण उभं राहिलं आणि त्यांना कोणी कसं सरकवलं, त्याचा हा मसाला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ लिहिणाऱ्याला इथे महिनाभर आणून ठेवलं असतं तर त्याने ड्रॅगन वगळले असते, गरजच पडली नसती.

नंदीचा एकुलता एक शिष्य

दहाव्या शतकात सुंदर चोळाचा युवराज आदित्य करिकालन याचा खून झाला. मारेकऱ्यांची नावं हवीत? उडैयारगुडीच्या शिलालेखात आहेत: सोमन, रविदासन, परमेश्वरन. त्यांच्या आणि नातेवाइकांच्या जमिनी जप्त केल्याची ती नोंद आहे. पण ती कोरली गेली राजराजाच्या कारकिर्दीत, म्हणजे खुनानंतर पंधरा-सोळा वर्षांनी. मधल्या काळात गादीवर होता चुलता उत्तम चोळ. आता ज्याला शंका घ्यायची त्याने घ्यावी. तमिळनाडूत हजार वर्षं घेताहेत, आणि कल्कींनी त्यावर ‘पोन्नियिन सेल्वन’ ही पाच खंडांची कादंबरी रचली.

धाकटा भाऊ अरुळमोळी मात्र शांत बसला. तिरुवालंगाडूचा ताम्रपट सांगतो की चुलत्याला राज्याची हौस आहे तोवर आपल्याला ते नको, असं त्याने ठरवलं. 985 मध्ये त्याची पाळी आली आणि तो राजराज झाला, तंजावरचं मोठं देऊळ बांधणारा. अर्थात हा ताम्रपट त्याच्याच मुलाने कोरवलेला आहे, हे ध्यानात ठेवून वाचायचं.

मामाची मुलगी आणि मामाची गादी

चोळ राजे आळीपाळीने दोन बिरुदं लावत: एक राजकेसरी, तर पुढचा परकेसरी. शिलालेखात नाव पुसट झालं तरी बिरुद वाचता आलं की अभ्यासकाचं अर्धं काम होतं. 1070 मध्ये ही ओळच आटली. तेव्हा राजा आला थेट आंध्रातून, वेंगीच्या चालुक्यांचा राजपुत्र. त्याची आई राजेंद्र चोळाची मुलगी, आजी राजराजाची मुलगी, आणि बायको सख्ख्या मामाची पोर. बापाचं कूळ चालुक्य, पण आजोळ इतकं भक्कम की कुलोत्तुंग म्हणून गडी पन्नास वर्षं राज्य करून गेला. मामाच्या मुलीशी लग्नाचे फायदे आपल्याकडे बरेच सांगतात. हा कोणी सांगत नाही.

सावत्र आईचं देऊळ

पट्टीश्वरम्‌मध्येच रामनाथन कोविल नावाचं एक लहानसं, जवळजवळ निर्जन देऊळ आहे. हे पळ्ळिप्पडै, म्हणजे समाधिमंदिर. राजेंद्र चोळाने ते बांधलं पंचवन महादेवीसाठी. ही राजराजाची राणी, राजेंद्राची सख्खी नव्हे, सावत्र आई. राजवाड्यातली सावत्र आई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लगेच कैकेयी येते. इथे सावत्र मुलगा तिच्या नावाने दगडी देऊळ उभं करतो. ती होती पळुवेट्टरैयर घराण्यातली. ‘पोन्नियिन सेल्वन’ कादंबरीत आणि तिच्यावरच्या सिनेमात याच घराण्याचे सरदार कटाच्या केंद्रस्थानी आहेत.

पाहुणा आला, घरमालक झाला

आता आपली माणसं. 1673 मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावर जिंकलं. तंजावरचा विजयराघव नायक पडला आणि त्याच्या वंशातलं चेंगमलदास नावाचं पोर दाईने नागपट्टणला नेऊन वाचवलं, असं सांगतात. त्याच्या बाजूच्या वेंकण्णाने विजापूरकडे धाव घेतली. विजापूरने मदतीला धाडले शिवरायांचे सावत्र बंधू एकोजी, म्हणजेच व्यंकोजीराजे. एकोजींनी शत्रू हाकलला, पोराला गादीवर बसवलं आणि थोड्याच काळात स्वतः बसले. पोराला प्रधानपद दुसऱ्याला द्यायची बुद्धी झाली आणि रुसलेल्या वेंकण्णानेच राजांना "आता तुम्हीच बसा" असं सुचवलं, ही त्यामागची कथा. तंजावरचं मराठी राज्य उभं राहिलं ते असं. शाळेच्या पुस्तकात एवढं खोलात जात नाहीत.

एकोजींचे तिन्ही मुलगे, शहाजी, सरफोजी, तुकोजी, एकामागून एक राजे झाले, कारण थोरल्या दोघांना वारस नव्हता. पुढचा एकोजी वर्षभरात गेला आणि त्याची राणी सुजानबाई गादीवर बसली, 1737 ते 1738. मग उगवला ‘काट्टुराजा’, रानातला राजा: आपण सरफोजींचे पुत्र, असं सांगणारा सवाई शहाजी. विरोधक म्हणाले, हा दासीचा मुलगा. त्याला काढून जो बसला तो प्रतापसिंह, तुकोजींच्या अशा राणीचा मुलगा जिचं लग्न राजाच्या तलवारीशी लागलं होतं. म्हणजे औरस कोण, हा प्रश्न दोन्हीकडे अवघडच होता.

या भांडणाचं बिल भलत्यांनीच वसूल केलं. सवाई शहाजीने मदतीच्या बदल्यात कारैकल फ्रेंचांना देऊ केलं आणि 1739 मध्ये ते त्यांच्याकडे गेलं. 1749 मध्ये त्याच शहाजीचा कैवार घेऊन इंग्रज उतरले आणि देवीकोट्टै घेऊन बसले. त्या फौजेत रॉबर्ट क्लाइव्ह नावाचा एक तरुण अधिकारी होता. शहाजीला गादी मिळाली नाही, पेन्शन मिळाली. आणि कारैकल आजही तमिळनाडूत नाही, पुदुच्चेरीत आहे.

शास्त्र काय म्हणतं? कोण विचारतंय त्यावर आहे

1787 मध्ये प्रतापसिंहाचे पुत्र तुळजाराजे यांनी मरणापूर्वी दहाएक वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला. कंपनीने पंडितांना विचारलं. पंडित म्हणाले, मुलगा एकुलता एक, वयही जास्त, दत्तक अशास्त्रीय! तुळजांचा सावत्र भाऊ अमरसिंह राजा झाला. काही वर्षांनी दुसऱ्या पंडितांना विचारलं, तर तेच दत्तक सशास्त्र ठरलं. 1798 मध्ये सरफोजी गादीवर आले आणि 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. शास्त्राचा अर्थ फिरला तो नेमका कोणाच्या फायद्याचा, हे वेगळं सांगायला नको. अमरसिंह कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूरला जाऊन राहिला.

गंमत पुढेच आहे. गादीवर येऊन पाच वर्षं होतात तोच, 1803 मध्ये, सरफोजींनी बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर सबंध भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. मजकूर बाबूराव चिटणीसांचा. ज्याच्या दत्तकावर दोनदा खल झाला, त्याने वंशावळ कागदावर ठेवली नाही, दगडात घातली. माझ्या मते तंजावरचा सर्वात हुशार राजा हाच, आणि त्याचं सरस्वती महाल ग्रंथालय हे त्याचं एकच कारण नव्हे.

शेवटचा अंक कोर्टात

सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे 1855 मध्ये वारले. मागे मुलगा नाही, मुली होत्या, आणि डझनाहून जास्त राण्या. सुजानबाई ज्या गादीवर बसली होती ती मुलीला द्यायला कंपनी तयार झाली नाही, उलट खासगी दागदागिनेसुद्धा तिने ताब्यात घेतले. थोरली राणी कामाक्षीबाई लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढली. 1859 मध्ये निकाल लागला: ही राज्यसत्तेची कृती आहे, कोर्टाला त्यात हात घालता येत नाही. पुढे सरकारने खासगी मालमत्ता परत केली, तर राण्या आपसांत भांडल्या. 1868 मध्ये मद्रास हायकोर्टाने सांगितलं की सवती सगळ्या मिळून वारस, कारभार तेवढा थोरलीकडे. हा निवाडा हिंदू कायद्याच्या पुस्तकांत गेला.

पट्टीश्वरम्‌ला राहुकाळात दुर्गेपुढे मोठी रांग असते, मराठी प्रवासी कंपन्या तिथेच उतरवतात आणि तिथूनच उचलतात. त्यांना थांबायला सांगा आणि रामनाथन कोविल बघून या. तंजावरला गेलात की बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी मजकूर गाइड दाखवेलच असं नाही. तुम्हीच शोधा, अक्षर ओळखीचं आहे.