टनाच्या हिशेबात एक तास

पहाटे ४.४५
सांगली जिल्हा, पलूस तालुका. गावाचं नाव लिहायचं नाही असं ठरलंय. भाड्याच्या खोलीत पिशवी भरली जातेय. रेकॉर्डर, पेन्सिल सेलची जास्तीची जोडी, वही, संमतिपत्रं, अंगठ्यासाठी शाईचं पॅड. पिशवी भरणाऱ्या बाईंना ऊसतोड टोळीतले सगळे मॅडम म्हणतात, आपणही म्हणू. एका संशोधन प्रकल्पावर त्या कंत्राटानं आहेत. प्रवासखर्च तिकीट जोडलं तरच मिळतो. रिक्षावाला तिकीट देत नाही, म्हणून ते चाळीस रुपये पदरचे.

६.१५
फड. टोळी धारूरकडची, बीड जिल्ह्यातली. काळोखातच फडात उतरलीय. पुरुष बुडख्याशी वाकून तोडतात, बायका ऊस गोळा करून मोळ्या बांधतात. हिशेब नवरा-बायकोच्या जोडीचा, त्या जोडीला एक कोयता म्हणतात. मॅडम बांधावर बसून राहतात. काही विचारत नाहीत.

का, ते वहीच्या मागच्या पानावर मांडलंय. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं, दिवस अकरा तासांचा धरला, तर एका माणसाचा तास तेहतीस रुपयांचा. म्हणजे तासाभराची मुलाखत तेहतीस रुपयांना पडते, आणि ते रुपये बोलणाऱ्याचे जातात.

९.००
भाकरीची सुट्टी. दहा-पंधरा मिनिटं. मॅडमही डबा उघडतात. ठेचा इकडून तिकडे जातो.

आधीच्या एका हंगामात याच भागात त्या छापील प्रश्नावली घेऊन फिरल्या होत्या. फॉर्ममागे पैसे मिळायचे, त्यामुळे पाय भराभर उचलायचे. ‘तुमची रोजची मजुरी किती?’ या चौकटीशी प्रत्येक बाई अडायची. रोज नाहीच, टन आहे. टनही तिचा एकटीचा नाही. पैसे तर हंगामाआधीच उचल म्हणून नवऱ्याच्या नावावर घेतलेले. फॉर्मवर ‘लागू नाही’ लिहून पुढे जायचं. तसे गठ्ठेच्या गठ्ठे जमले. या वेळी प्रश्नावली नको, मुलाखती घेऊ, हा आग्रह मॅडमचाच.

पाहणीला त्या नावं ठेवत नाहीत. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. दारोदार मोजल्याशिवाय हा आकडा हाती आला नसता. पण दवाखान्यात कोण घेऊन गेलं, पैसे कोणी दिले, बाईनं पुन्हा मोळी कधी उचलली, हे विचारायला शेजारी बसावं लागतं.

११.३०
ट्रक आला नाही. सगळे थांबलेले. या थांबण्याचे पैसे कोणी देत नाही, तेव्हा बोलायला हीच वेळ बरी.

एक ताई वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधतेय. मॅडमही एक पेंढी आवळायला घेतात. ती सुटते. ताई हसते. संमतिपत्र वाचून दाखवलं जातं: नाव कुठं येणार नाही, नको वाटलं तर मधेच उठायचं. अंगठा उठतो. रेकॉर्डर पाचटावर.

पहिला प्रश्न पैशाचा नाही. “काल उठल्यापासून सांगा ना.”

“तीनला उठले. पाणी आणलं. भाकरी थापल्या. लेकरू तापलं व्हतं, त्याला कोपीतच ठिवलं.”

“मग?”

मॅडमचा निम्मा धंदा या ‘मग’वर चालतो. लेकरावरून गोष्ट खाड्यावर जाते. मागच्या हंगामात दोन दिवस घरी राहिली, ते पैसे उचलीत चढले. किती, ते तिला ठाऊक नाही. वही टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे.

११.५०
नवरा येऊन उभा राहतो. आता उत्तरं तोच देतो. ताई पेंढीकडे बघते. मॅडम वाद घालत नाहीत. “दादा, तुमचं वेगळं ऐकायचंय, संध्याकाळी बसू,” म्हणतात आणि ट्रकचं विचारतात. तो रस्त्याकडे बघायला जातो. मागोमाग मुकादम येतो. रेकॉर्डर बंद. दहा मिनिटं फक्त पावसापाण्याच्या गप्पा.

दुपारी १.००
ट्रक. भरणी. डोक्यावर मोळी, पायाखाली फळी. सात महिन्यांची गरोदर एक बाईही त्या फळीवर चढते. मॅडम वहीत वेळ लिहितात.

सायंकाळी ६.३०
कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, चूल. ताई स्वतःहून हाक मारते. दुपारी न बोललेलं आता निघतं. वाढं विकून आलेले पैसे तिच्याकडे राहतात. मीठ-मिरची, लेकराचं औषध त्यातूनच. फक्त हा पैसा ती स्वतः मोजते. नवऱ्याचं बोलणं नंतर वेगळं होतं. दोघांनी सांगितलेली उचल वीस हजारांनी जुळत नाही. मॅडम दोन्ही आकडे लिहितात, खरा कोणता ते विचारत नाहीत. तसं विचारलं तर रात्री कोपीत भांडण लागेल.

रात्री ९.१५
खोली. दिवसाचं रेकॉर्डिंग सत्तेचाळीस मिनिटं. तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास जातात. त्यात वारा, ट्रकचं इंजिन, रडणारं पोर. नावाच्या जागी क्रमांक. मुकादम आल्यावर कोण गप्प झालं, हे कंसात.

उद्याच्या मुद्द्यांमधला ‘कुटुंबाचे उत्पन्न’ खोडला जातो. तिथं येतं: वाढं कोण विकतं, पैसे कुठं ठेवता?

फोन वाजतो. मुकादम. उद्या टोळी नदीपलीकडच्या फडात. मॅडम एसटीची वेळ बघतात. पहिली गाडी सहाला, म्हणजे परत रिक्षा.