उतारवयातील पक्षीनिरीक्षण : एकबुर्जीच्या काठावरून

दिवाळी उलटली की वऱ्हाडातील पहाट अंगाला झोंबू लागते. घरातील ज्येष्ठ माणूस नेहमीप्रमाणे पाचच्या सुमारास जागा होतो आणि घर मात्र अजून झोपलेले असते. कोणी उठून चहा ठेवील याची वाट पाहावी, की आपणच उठून भांडी वाजवावीत, हा पेच आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. त्या रिकाम्या वेळाला एक उद्योग सुचवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी ताडोबा किंवा भरतपूर गाठण्याचे कारण नाही. वाशीम शहराला पाणी पुरवणारा एकबुर्जीचा जलाशय, कारंज्याचा ऋषी तलाव, आपल्या गावचे पाझर तलाव, फार काय, परसातला कडुनिंबदेखील पुरेसा आहे.

आपण वाशीम जिल्ह्यातील शेतकरी घरात वाढला असाल, तर पक्षीनिरीक्षण आपणांस नवे नाही. लहानपणी ज्वारीच्या शेतात मचाणावर बसून, गोफण फिरवीत आपण भोरड्यांचे थवेच्या थवे हाकलले असतील. त्या भोरड्या म्हणजेच पुस्तकातील पळसमैना. मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून त्या हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतात आणि पळस फुलून गेल्यावर परततात. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, मचाण गेले, गोफणही गेली. पण भोरडी कशी उडते, थवा एकाएकी कसा वळतो, हे आपल्या डोळ्यांना अजून आठवते. शहरातून आलेल्या तरुण पक्षीमित्राला जे पुस्तकातून शिकावे लागते, ते आपल्यापाशी अनुभवाने जमा आहे. पावशाची हाक ऐकून पेरणीचा अदमास बांधणारी, टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस बरा होणार असे सांगणारी पिढी आपलीच. टिटवीचे भाकीत खरे मानावे असे मी म्हणणार नाही. मात्र ते सांगण्यासाठी टिटवीचे अंडे कोठे असते, हे कोणी तरी नीट पाहिले होते, हे निश्चित.

आता प्रकृतीचा विचार. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ साली सुमारे तेराशे लोकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभरात मोबाईलवरून विचारले जाई : आत्ता मन कसे आहे, आणि आसपास पक्षी दिसतो किंवा ऐकू येतो का? पक्षी दिसला वा ऐकू आला, तेव्हा मनाची स्थिती अधिक चांगली असल्याचे आढळले, आणि तो परिणाम काही तास, जास्तीत जास्त आठ तासांपर्यंत टिकून राहिला. नैराश्याचे निदान झालेल्या व्यक्तींतही तो दिसला. यावरून पक्षी पाहणे हे औषध आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. चालू असलेली गोळी त्यामुळे सुटत नाही. परंतु ज्या उपायाला पैसे लागत नाहीत आणि जो जपून केल्यास अपायही करीत नाही, तो करून पाहण्यास हरकत कोणती?

येथे एका गोष्टीकडे आपले विशेष लक्ष वेधावेसे वाटते. वय वाढते तशी श्रवणशक्ती प्रथम उंच, बारीक स्वरांच्या बाजूने कमी होते. माणसाचे बोलणे ऐकू येत असल्याने हा बदल वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. पक्षी मात्र तो उघड करतात. भारद्वाजाचा खोल घुमणारा हुंकार, होल्याचे घुमणे, कोकिळेची साद आपणांस स्वच्छ ऐकू येते. पण जास्वंदीवर शेजारचा नातू ‘शिंजीर बोलतोय’ म्हणतो आणि आपणांस काहीच ऐकू येत नाही. असे दोन-तीनदा घडले तर ‘हल्ली पाखरेच कमी झाली’ असे म्हणून विषय सोडू नये. पाखरे कमी झाली असतीलही. पण एकदा कानांची तपासणी करून घ्यावी. स्मृतिभ्रंशासंबंधीच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे चौदा धोके सांगितले आहेत. त्यांत ऐकू कमी येणे, दृष्टिदोषावर उपचार न होणे आणि माणसांपासून तुटणे, ही तिन्ही आहेत. पक्ष्यांच्या नादाने कान तपासले गेले, मोतीबिंदूची टाळलेली शस्त्रक्रिया झाली, आठवड्यातून एकदा चार माणसे भेटली, तर तोही लाभ मोठाच म्हणायचा.

बाहेर पडण्याविषयी थोडे. सूर्य वर येण्यापूर्वी काळोखात निघू नये. थंडीत रक्तदाब चढतो, आणि तलावाच्या बांधावरची ओली माती व सुटे दगड अंधारात दिसत नाहीत. हिवाळ्यात साडेसात ते साडेनऊ हा वेळ उत्तम. तोवर पाणपक्षीही हलते असतात. मधुमेह असल्यास रिकाम्या पोटी जाऊ नये आणि खिशात साखरेचे काही असू द्यावे. लघवी वाढविणारी गोळी सकाळी घेत असाल, तर तिची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारा. केवळ या अडचणीपायी अनेक जण, विशेषतः स्त्रिया, सहलीला येणेच टाळतात आणि कारण कोणाला सांगत नाहीत. ज्या गटाबरोबर जायचे, त्याच्या प्रमुखाने स्वच्छतागृहाची सोय आधी पाहून ठेवली पाहिजे. हे मागण्यात संकोच नको. उंच झाडाच्या शेंड्याकडे मान मागे टाकून फार वेळ पाहिल्यास चक्कर येऊ शकते. झाडापासून दूर, घडीच्या खुर्चीवर बसून पाहावे. तळ्याकाठी तर नजर समोर ठेवूनच सारे दिसते, म्हणून ज्येष्ठांनी आरंभ तळ्यापासून करावा, असे माझे मत आहे.

दुर्बिणीसाठी घाई नको. ‘आठ गुणिले बेचाळीस’ ही दुर्बीण पक्षीमित्रांत सर्वमान्य असली, तरी तिचे वजन अर्ध्या किलोहून अधिक भरते; हात कापत असेल तर ती जड वाटते आणि चित्र हलते. दहा पट मोठे दाखविणारी घेतल्यास हातांचा कंपही तितकाच मोठा होतो, हे दुकानदार सांगत नाही. चष्मा लावणाऱ्यांनी नेत्रकांचेभोवतीचे रबरी कडे खाली दुमडून पाहावे.

एकबुर्जीसारख्या पाण्यावर हिवाळ्यात काय शोधावे? काळेभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा घेऊन तरंगणारे वारकरी. लांब लाल पायांचा शेकाट्या. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असणारे हळदीकुंकू बदक, ज्याचे नाव ज्याने ठेवले त्याला दाद द्यावी. नारिंगी-तपकिरी चक्रवाकांची जोडी. शेपटी खालीवर हलवीत काठाने धावणारा धोबी. नशीब असेल तर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस, जे हिमालय ओलांडून येतात. माळरानाकडे जाण्याची ताकद असल्यास कारंजा तालुक्यातील सोहोळचे अभयारण्य आहे, मुख्यतः काळविटांसाठी राखलेले. गवताळ माळ पाहणे शहरी माणसाला ओसाड वाटते; आपणांस वाटणार नाही.

याच माळाची एक गोष्ट. अकोला-वाशीमच्या गवताळ पट्ट्यात पावसाळ्यात तणमोर येतो. विणीच्या दिवसांत नर गवतातून उसळी घेऊन क्षणभर हवेत दिसतो आणि खाली पडतो. दिवसातून शेकडो वेळा. जगातील अत्यंत संकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते. त्याला राखण्यासाठी या भागात ‘संवेदना’ संस्था आणि एकेकाळी शिकारीवर जगणारा फासेपारधी समाज गवताळ राने सांभाळीत आहेत. तणमोराची जुनी ठिकाणे कोणती, हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. आपण त्यांपैकी असाल तर ते कोणाला तरी लिहून द्या.

गिधाडांचेही तसेच. गावाबाहेर मेलेल्या जनावराभोवती बसलेली गिधाडे आपण पाहिली आहेत, नातवंडांनी नाहीत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांसाठीची मोठी बाटली गुरांना टोचली जाऊ लागली, म्हणून २०१५ साली तिचा आकार तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित केला गेला. आपल्या गुडघेदुखीच्या गोळीचे नाव कदाचित हेच असेल. आपण ती घेतल्याने गिधाड मरत नाही. पण वैद्यकीय सल्ल्याविना ती रोज घेत असाल, तर मूत्रपिंडांच्या बाबतीत गिधाडाची आठवण ठेवायला हरकत नाही.

पाहिलेले सांगितल्यावाचून या छंदाला रंग चढत नाही. फिरून आल्यावर चहाच्या टपरीवर वह्या उघडतात आणि ‘तो शिक्राच होता’ यावर वाद रंगतो. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी किती, काय करीत होता, एवढे असावे. वऱ्हाडी नाव ठाऊक असेल तर तेही लिहावे. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून अशीच नावे गोळा करून पक्षिकोश सिद्ध केला. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोहोंमधील आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या दिवसांत वनविभागाच्या आणि पक्षीमित्रांच्या सहली निघतात, नवख्याला सामील होण्यास तो सर्वांत सोपा मुहूर्त. खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. विशीतला मुलगा आपली चूक दाखवील, तेव्हा जरा जड जाते, तेवढे सोसावे. घरट्याचा ठावठिकाणा आणि छायाचित्र मात्र मोबाईलच्या गटावर टाकू नये. मेलेला पक्षी हाताने उचलू नये. आणि गच्चीवर कबुतरांना दाणे घालण्याची सवय असल्यास, दमा वा फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांनी ती सोडावी; त्यांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने फुप्फुसांना सूज येते.

सेवाशुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. अंथरुणाला खिळलेल्या आईची खाट खिडकीकडे वळवा. खिडकीबाहेर दिसेल अशा उंचीवर मातीचे उथळ परळ पाण्याने भरून ठेवा आणि रोज घासा. चिमण्या, बुलबुल, साळुंक्या काही दिवसांत येऊ लागतील. स्मृती गेलेल्या माणसाला ‘हा कोणता पक्षी, सांगा पाहू’ असे विचारून परीक्षा घेऊ नका. ‘बुलबुल आलाय बरं का, आई,’ एवढे पुरे. पुष्कळदा उत्तर येत नाही, कधी एखादी शेतातली आठवण येते. आणि शेजारची काकू तासभर बसायला तयार असेल, तर तळ्यावर आपण स्वतः जाऊन या. तो तास आपलाही हक्काचा आहे.

फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना होते. भारतीय पक्षीमित्र २०१३ पासून तीत भाग घेत आहेत. नियम सोपा : एका जागी निदान पंधरा मिनिटे थांबायचे आणि दिसलेले सर्व पक्षी मोजायचे. ओसरीवरूनही चालते. तोपर्यंत सराव म्हणून उद्या सकाळी साडेसात वाजता खुर्ची बाहेर घ्या, शाल पांघरा, वहीवर तारीख घाला. कावळ्यापासून सुरुवात झाली तरी चालेल.