उसळीची सत्तर वर्षं

1951 साली देशात माणशी रोज साधारण 61 ग्रॅम डाळी-कडधान्यं उपलब्ध होती. 2001 साली तो आकडा 30 ग्रॅमवर आला. हरितक्रांतीने गहू-तांदूळ वाढवले; कडधान्यं कोरडवाहू रानात, पावसाच्या भरवशावर राहिली. खाणारी तोंडं वाढली आणि प्रत्येकाचा वाटा आटत गेला. तरीही सामिष न शिजणाऱ्या घरांत, आणि शिजणाऱ्या घरांतही श्रावणात, रात्रीचं जेवण उसळीनेच तोलून धरलं.

भाकरी-उसळीची जोडी जमली, ते उगाच नव्हे. प्रथिनांच्या घटकांपैकी ज्वारी-बाजरीत कमी पडणारं लायसिन कडधान्यांत भरपूर असतं आणि कडधान्यांत कमी असलेलं मेथिओनिन भाकरीतून मिळतं. शिवाय तंतुमय भाग पोटात बराच वेळ टिकतो, म्हणून पोट भरल्यासारखं वाटतं.

कडधान्यं शिजवायला अडचण होती ती सरपणाची आणि वेळेची. 1959मध्ये हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे कुकर भारतात बनू लागले, पुढे घरोघरी गॅस आला आणि चुलीवर तासन्‌तास रटरटणारे हरभरे काही शिट्ट्यांत मऊ होऊ लागले. छोले-राजमा मराठी घरांत आठवड्याच्या मधल्या वारी शिजू शकले, यात कुकरचा मोठा हात आहे.

वालाने मात्र कुकरला दाद दिली नाही. बिरडं म्हणजे सोललेल्या वालांची उसळ. त्यासाठी वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दोन बोटांत दाबायचा. साल हातात राहते, डाळिंबी सुटते. वाडगाभर वाल सोलायला घरातली चार माणसं बसली तरी वेळ जातो. फोडणीत हिंग-हळद पडली की डाळिंब्या घालून झाकणावर पाणी ठेवायचं, तेच गरम पाणी लागेल तसं आत ओतायचं. डाव फार फिरवायचा नाही, डाळिंबी मोडते. आमसूल अगदी शेवटी, कारण आंबट आधी पडलं तर दाणा शिजत नाही. मग गूळ आणि ओलं खोबरं.

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक 1970 साली आलं. सासर-माहेरापासून दूर, शहरात नवा संसार मांडणाऱ्या मुलींना वाटी-चमच्याच्या मापाचा केवढा आधार वाटला! पुस्तकाने कृती शिकवली. सोलायला मदतीचे हात कुठून आणणार? पुढे मंडईत मोड आलेली कडधान्यं पिशवीत मिळू लागली आणि आदल्या रात्री भिजत घालायची आठवण ठेवण्याचं काम सुटलं. ही सोय मोलाचीच. पण पिशवीत बहुधा मूग किंवा मटकी असते, आणि घरची उसळही त्या दोनांभोवतीच फिरू लागली.

2015च्या दसरा-दिवाळीत तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली, तेव्हा आमटीचा हिशेब प्रत्येक घरात नव्याने मांडला गेला. पुढचं 2016 हे संयुक्त राष्ट्रांचं कडधान्य वर्ष होतं. त्याच वर्षी साताऱ्याकडच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं. राजमा हा उत्तरेकडचाच, असं समजणाऱ्यांनी राजम्याच्याच जातीचा हा रेघारेघांचा दाणा एकदा शिजवून पाहावा. कऱ्हाड-इस्लामपूर पट्ट्यातल्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर तर मटणाच्या ताटाशेजारी ताठ मानेने बसतो. झणझणीत, दाट, दाणा अख्खा पण जिभेवर विरघळणारा!

या सगळ्यांत हुलगा, म्हणजे कुळीथ, मागे पडला, याचं वाईट वाटतं. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट, मीठ आणि थोडं तेल घालून घट्ट मळायचं, हातावर वळून शेंगोळे करायचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. पिठानेच रस्सा दाटतो. भिजवणं नाही, मोड नाहीत, सोलणं नाही. अर्ध्या-पाऊण तासात एकाच पातेल्यात घरभराचं जेवण. कामावरून दमून आलेल्या माणसाला सोयीचा असा हा पदार्थ नेमका आज शहरातल्या ताटांतून दिसेनासा झाला आहे, आणि तो परत आणायला किलोभर हुलगे दळून डब्यात भरून ठेवणं पुरेसं आहे.