पाहायला शिकताना

आयुष्यभर मी तत्त्वज्ञान शिकवलं. 'प्रत्यक्ष प्रमाण' या विषयावर तर दरवर्षी बोलायचो. पण पाहणं म्हणजे काय, हे मला कळलं ते निवृत्तीनंतर, जळगावच्या घरामागच्या अंगणात.

डिसेंबर २०२४ मध्ये मी सहा इंची आरशाची दुर्बीण घेतली. हिवाळ्यात आपल्या खानदेशातलं आकाश बरंच स्वच्छ असतं. गुरू तेव्हा वृषभ राशीत ठळक दिसत होता. पहिल्या रात्री तासभर खटपट केली, काही सापडेना! कारण साधं होतं. मोठ्या नळीवर एक छोटी शोधक दुर्बीण असते, ती मी मुख्य दुर्बिणीशी जुळवलीच नव्हती. हे काम दिवसा करायचं, लांबच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरून. सूर्याच्या दिशेला मात्र चुकूनही वळवायची नाही, डोळा जाईल.

दुसऱ्या रात्री गुरू सापडला. चकचकीत कडं, मधे काळं भोक. मी ओरडलो, "वलय दिसलं!" कुंपणापलीकडून शेजारच्या भाऊंनी विचारलं, "सर, काय दिखस?" त्यांनाही दाखवलं, त्यांनीही मान डोलावली. मग नातीने फोकसचं चाक हळूच फिरवलं. कडं आक्रसत गेलं, त्याची लहानशी चकती झाली आणि बाजूला एका रेषेत बारीक ठिपके उमटले. "आजोबा, ते भोक म्हणजे आतल्या छोट्या आरशाची सावली होती!"

आता बघा, न्यायसूत्रांत प्रत्यक्षाला 'अव्यभिचारी' ही अट घातली आहे. म्हणजे न चकवणारं. माझं कडं डोळ्यांना स्पष्ट दिसलं होतं, साक्षीदारही होता. तरी ते खोटं होतं.

एप्रिल १६१० मध्ये गॅलिलिओने बोलोन्यातल्या विद्वानांना गुरूचे चंद्र दाखवायचा प्रयत्न केला. अनेकांना ते नीट दिसलेच नाहीत. वर्गात मी त्यांना हट्टी म्हणायचो, मुलं हसायची. आज मी ते शब्द मागे घेतो. नवं यंत्र, सवय नसलेला डोळा. त्यांची अडचण खरी होती.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? गॅलिलिओने केलं तेच करायचं. रोज पाहायचं आणि रोज काढून ठेवायचं. मी वहीत ठिपके मांडू लागलो. त्यांच्या जागा रोज बदलत, पण गुरूची साथ सुटत नसे. मागचे तारे असते तर मागेच राहिले असते.

आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला. आकाश सर्वांच्या डोक्यावर होतंच, तरी ते शिकवावं लागलं. माझ्या अंगणात फरक एवढाच, की इथे नात आजोबांना शिकवते.