बुडालेल्या कंपनीची तेलविहीर कोण बुजवणार?

कॅनडातल्या प्रदूषित जमिनींवर संशोधन करायचंय? मग मातीच्या रसायनशास्त्राआधी रेडवॉटर खटला वाचा. अल्बर्टातली ही छोटी तेल-वायू कंपनी 2015 मध्ये बुडाली. दिवाळखोरीत नेमलेल्या विश्वस्ताने कमाईच्या विहिरी विकायला काढल्या आणि बंद पडलेल्या चक्क नाकारल्या. म्हणजे पैसा बँकेला, घाण इतरांच्या गळ्यात! खालच्या दोन्ही न्यायालयांनी हे चालवून घेतलं. 31 जानेवारी 2019 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 2 मतांनी निकाल फिरवला. विहिरी बुजवून जागा पूर्ववत करणं हे नियामकाचं येणं नाही, ते कंपनीचं सार्वजनिक कर्तव्य आहे. आधी ते, मग धनको. त्यामुळे तुमचा सफाईखर्चाचा अंदाज बँकवालेही वाचतील. तो कसा काढला, ते नीट लिहा.