ब्रेकला ताप येतो तेव्हा

दोस्तांनो, उतारावरून भन्नाट सायकल सोडलीत आणि करकचून ब्रेक दाबलात, की रिमला हळूच बोट लावून बघा. गरम लागेल! ब्रेक वेगाची उष्णता करतो. वेग दुप्पट, तर उष्णता चौपट.

शर्यतीच्या ट्रॅकवर स्पोर्ट्स कारचं हेच होतं, वळणामागून वळण. चाकाची चकती लालबुंद होते. तिला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर भाजून निघतो. त्याच्या दट्ट्याचं रबर कडक होऊन तडकतं. आतलं ब्रेक ऑइल उकळलं तर संपलंच! बुडबुडे दबतात, पेडल खाली जातं, गाडी मात्र पळतच राहते.

आपल्या धुळ्याला ट्रॅक नाही, पण सेंधव्याहून शिरपूरकडे उतरणारा बिजासन घाट आहे. भरलेल्या ट्रकचा ब्रेक सतत दाबून ठेवला, की चाकातला ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड सुटते. ४ जुलै २०२३ ला घाटाखाली पळासनेरला एक कंटेनर गाड्यांना ठोकरत हॉटेलात घुसला. किमान दहा जण गेले. ब्रेक निकामी झाल्याचं पोलिसांनी सांगितलं.

म्हणून जाणते ड्रायव्हर घाट उतरतानाही चढणीचाच गिअर टाकतात. एसटीत बसलात तर ती घरघर ऐका. अर्धा ब्रेक तेव्हा इंजिनच लावत असतं!