चौल : ‘जुनं पोर्तुगीज गाव’ म्हणण्याआधी

अलिबागहून मुरुडकडे जाताना चौल-रेवदंडा लागतं. पर्यटक रेवदंड्याची तटबंदी बघतात, खाडीपलीकडच्या कोर्लई किल्ल्याचा फोटो काढतात आणि ‘जुनं पोर्तुगीज गाव’ असा शेरा मारून काशीदला पोहायला निघून जातात. एवढ्याशा शेऱ्यात गैरसमज मात्र बरेच आहेत.

गैरसमज : हे बंदर पोर्तुगीजांनी वसवलं.
पोर्तुगीज इथे आले तेव्हा चौल किमान चौदाशे वर्षांचं होतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत ‘चेमुल’ येतं. दुसऱ्या शतकातला टॉलेमी त्यालाच ‘सिमुल्ला’ म्हणतो. इ. स. 916च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला, तेव्हा हा मुलूख राष्ट्रकूटांच्या छत्राखाली होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन स्थायिक झालेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान त्याने नोंदवले आहेत. त्यांचे तंटे सोडवायला त्यांचाच एक प्रमुख नेमलेला असे. अशी वस्ती आणि अशी व्यवस्था एका पिढीत उभी राहत नाही.

गैरसमज : चौलला आलेला रशियन निकितिन हा भारतात पोचलेला पहिला युरोपीय.
अफानासी निकितिन 1469च्या सुमारास चौलला उतरला, म्हणजे वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, हे खरं. पण मार्को पोलो आणि निकोलो कोंती त्याच्याही आधी भारतात येऊन गेले होते. निकितिन कुणा राजाचा वकीलही नव्हता. व्होल्गाकाठी लुटला गेलेला हा व्यापारी एक घोडा घेऊन इथे आला, कारण दख्खनमध्ये घोड्याला सोन्याचा भाव होता. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडाच अडकवून ठेवला आणि धर्म बदल म्हणून दटावलं. एका खोरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो सुटला.

गैरसमज : समुद्रावर पोर्तुगीजांना कुणी हरवलंच नाही.
मार्च 1508मध्ये याच खाडीत हरवलं. इजिप्तच्या मामलुकांचं आरमार घेऊन अमीर हुसेन आला, त्याला गुजरातच्या सुलतानाचा दीवचा सुभेदार मलिक अयाझ येऊन मिळाला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा याचं जहाज माघार घेताना कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकलं. तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय गेला आणि तो तिथेच मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवला सूड उगवला. दीवची लढाई पुस्तकांत ठळक छापली जाते, चौलची तळटिपेत. जेत्यांचा इतिहास असाच असतो.

गैरसमज : पोर्तुगीजांनी चौल जिंकलं.
त्यांनी जागा मागून घेतली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने 1521मध्ये त्यांना खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधू दिला. त्याला समुद्रमार्गे येणारे घोडे हवे होते. हे खालचं चौल, म्हणजे आजचं रेवदंडा. वरचं, मूळचं चौल निजामशाहीतच राहिलं. 1570-71मध्ये मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला, पण किल्ला पडला नाही, शेवटी तह झाला. समोरचं कोर्लई मात्र पोर्तुगीजांनी 1594मध्ये लढून घेतलं.

गैरसमज : मराठ्यांनी हल्ला चढवून रेवदंडा घेतलं.
वसई 1739मध्ये पडल्यावर पोर्तुगीजांचं उत्तर कोकणातलं बळ संपलं. 1740च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. मध्यस्थी मुंबईच्या इंग्रजांची.

आणि बंदर मेलं कशाने? सगळं खापर खाडीतल्या गाळावर फोडायची सवय आहे, ते पुरेसं नाही. चौलचा माल घाटावर जाई. 1636मध्ये निजामशाही बुडाली आणि चौलची पाठ उघडी पडली. त्यातच मोगलांच्या सुरतेने आणि पुढे इंग्रजांच्या मुंबईने व्यापार ओढून घेतला.

पोर्तुगीज गेले ते काही न ठेवता गेले, हेही खरं नाही. कोर्लई गावातले ख्रिस्ती आजही घरात पोर्तुगीजवर आधारलेली बोली बोलतात. ऐकणारे तिला कोकणी समजतात; ती कोकणी नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला रेवदंड्याच्या तटाबाहेरही तासभर काढा. वरच्या चौलमधलं रामेश्वराचं देऊळ आणि त्याची पुष्करणी बघा, हिंगलाजच्या टेकडीवरची लेणी बघा. काशीदचा समुद्र कुठे जात नाही.